ठरवून लावलेलं धुकं

दुकानाच्या काचेबाहेर, भुरभुर पावसात, एक मुलगी व्हीलचेअर ढकलत येत होती. खुर्चीत शाल पांघरून कुणीतरी मान खाली घालून बसलेलं. आत यंत्रं दुरुस्त करत बसलेल्या फुंक्याने हातातला ब्रश टाकला आणि छत्री घेऊन धावला.

"अहो, या पावसात आजींना कुठे फिरवताय? आधी आत घ्या!"

तिने शाल बाजूला केली. आत जुना, धुळीने माखलेला कॉम्प्युटरचा डबा होता.

"आजी बऱ्या आहेत," ती म्हणाली. "फक्त सारख्या गरम होतात."

फुंक्याच्या तोंडाचा आ मिटेना. बऱ्याच दिवसांनी ती हसली, आणि आपण हसलो म्हणून लगेच ओशाळलीही. हसण्याची सवय सुटली की असंच होतं.

त्याला फुंक्या म्हणायचं कारण साधं होतं. कुठलंही यंत्र येवो, तो आधी फुंकून धूळ उडवायचा, मग बोलायचा. निम्मे रोग धूळ उडवूनच बरे होतात, असा त्याचा दावा. पण तिच्या डब्यातली धूळ उडवून झाली तरी त्याचा चेहरा उजळला नाही.

"ग्राफिक्स कार्ड गेल्यात जमा आहे. चित्र फुटतं ना? चौकोन चौकोन होतात?"

"रस्ताच दिसत नाही."

"रस्ता? खेळता काय तुम्ही?"

"ट्रक चालवते," ती म्हणाली. तो हसू दाबतोय हे तिला दिसलं, आणि का कोण जाणे, तिला राग आला नाही. "हसून घ्या. दिवसभर मी कवळ्या बनवते आणि संध्याकाळी मालवाहतूक करते."

ती काचेच्या कपाटापाशी गेली. तीन पंख्यांचं, निळ्या दिव्यांचं एक धिप्पाड कार्ड तिथे मिरवत होतं. तिने बोट दाखवलं.

"नको," फुंक्या म्हणाला. "हा जावई तुमच्या घराला झेपायचा नाही. डब्यात मावणार नाही, आणि मावला तरी त्याला पुरेल एवढी वीज तुमचा पॉवर सप्लाय देणार नाही. शिवाय प्रोसेसर म्हातारा. एकाने धावायचं आणि दुसऱ्याने धापा टाकायच्या... असा संसार टिकतो का?"

"संसाराचा बराच अनुभव दिसतो तुम्हाला."

"छे! लोकांचे डबे उघडून उघडून आलेलं शहाणपण आहे."

शेवटी त्याने एका पंख्याचं, आखूड, गरीब दिसणारं कार्ड निवडलं. अंथरूण पाहून पाय पसरलेलं. "मी घरी येऊन बसवून देतो," तो म्हणाला. एरवी तो कुणाच्या घरी जात नसे, हे त्याने सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. खिडकीतून समोरच्या इमारतीची ओली भिंत तेवढी दिसायची. बाबा तिथेच व्हीलचेअरमध्ये बसून ती भिंत बघत. जन्मभर त्यांनी ट्रक चालवला. मग पाय गेले, आणि आई गेल्यापासून शब्दही गेले. जेवलात का, दुखतंय का, औषध घेतलं का... कशालाच उत्तर नाही. नुसती मान हलवत.

फक्त संध्याकाळी, ती तो खेळ लावून बसली की त्यांच्या तोंडाचं कुलूप निघायचं. हे सगळं खोटं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी खुर्ची तिच्या शेजारी लावून ते सांगत, "गिअर उतरव. पुढे पूल आहे. अगं, माल भरलाय मागे, एवढ्या जोरात काय वळतेस?" अलीकडे चित्र फार फुटू लागलं होतं. ते पार बंद पडलं तर बाबांचा आवाज पुन्हा ऐकायला मिळणार नाही, या धास्तीने ती बाबांना पलंगावर बसवून, डबा शालीत गुंडाळून त्यांच्या खुर्चीतून घेऊन निघाली होती.

फुंक्याने कार्ड बसवलं. पडदा उजळला, आणि तिचा जीव भांड्यात पडला. काय ते चित्र! ओला रस्ता चमकत होता, दूरच्या पाट्या वाचता येत होत्या. तिने गाडी काढली. वळणं आली, पूल आला, घाट आला. एकदाही चुकली नाही.

बाबा एक अक्षर बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी थोडा वेळ पाहिलं, "आता दिसतंय तुला," एवढंच म्हणाले आणि खुर्ची वळवून खिडकीशी नेली.

ती तशीच, चपला नीट न घालता, दुकानात गेली. "जुनं कार्ड परत लावून द्या."

"ते आता चालत नाही. काल लावून बघितलं. संपलं ते." तिचे भरलेले डोळे पाहून तो गडबडला. "काय झालं?"

तिने सांगितलं. सांगताना आवाज फुटला. मग तो दुकानाचं शटर ओढून तिच्याबरोबर निघाला. दोघांत एकच छत्री होती. त्याचा एक खांदा भिजत होता, आणि तिला जवळ सरकावंसं वाटत असूनही ती सरकली नाही.

घरी तिने खेळ लावला. तो मागे उभा राहून पाहत होता.

"पूर्वी बाबा काय बोलायचे?" त्याने हळूच विचारलं.

"रस्ता सांगायचे."

"आपणहून?"

"नाही, मी विचारायचे ना. काही दिसायचंच नाही, मग मी म्हणायचे, बाबा, पुढे काय..."

ती थांबली. हात खेळाच्या स्टिअरिंगवरच राहिले. तिला सगळं दिसायला लागल्यापासून तिने बाबांना काही विचारलंच नव्हतं. भिंत बघणाऱ्या माणसाकडे तेवढं एकच काम होतं, आणि तेही तिने हौसेने नवं कार्ड आणून काढून घेतलं होतं. तिला स्वतःची चीड आली.

फुंक्या पुढे वाकला. त्याने खेळातलं हवामान उघडलं आणि धुकं वाढवत नेलं. पाट्या गेल्या, घाट गेला. दिव्यापुढचा हातभर रस्ता तेवढा उरला.

"जुन्या कार्डात ते नाइलाजाने होतं," तो कुजबुजला. "आता आपण ठरवून लावायचं. हवं तेवढंच."

तिने गाडी सोडली. मग घोगऱ्या आवाजात विचारलं, "बाबा... पुढे काय आहे?"

खिडकीपाशी खुर्चीची चाकं करकरली.

"वेग कमी कर," बाबा म्हणाले. "डावीकडे दरी आहे. हॉर्न दे... अजून दे." खुर्ची तिच्या शेजारी येऊन थांबली. त्यांनी मागे वळून फुंक्याकडे पाहिलं. "आणि हा क्लीनर नुसता उभा काय राहिलाय? बस म्हणावं त्याला."

ती रडत रडत गाडी चालवत राहिली. क्लीनर निमूट स्टुलावर बसला.

मुक्कामाला माल उतरल्यावर तिने कॉम्प्युटर बंद केला. पुन्हा तीच भिंत, तीच शांतता. त्याला सोडायला ती दारापर्यंत गेली.

"उद्या येऊ?"

"उद्या काय बिघडणार आहे?"

"काहीच नाही. म्हणून तर विचारतोय." त्याने छत्री या हातातून त्या हातात घेतली. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला तुम्ही आवडता."

ती दाराच्या कडीकडेच बघत राहिली.

"एकाने विचारलं होतं याआधी," ती म्हणाली. "बाबांना बघून गेला, तो परत आला नाही. मी त्यांना सोडून जाणार नाही कुठे. आणि हे धुकं तरी किती दिवस पुरणार? एक दिवस ते खरंच गप्प होतील. मग काय आहे या घरात?"

काहीतरी गोड बोलून तो वेळ मारून नेईल, असं तिला वाटलं होतं.

"होतील," तो म्हणाला. "तेव्हा गप्प बसायला आपण दोघं असू."

जिन्यावरून गार वारा आला. तेवढ्यात आतून, बंद पडद्यासमोरच्या अंधाऱ्या खोलीतून, बाबांचा आवाज आला...

"क्लीनर गेला का गं?"

कॉम्प्युटर बंद असताना बाबांनी काही विचारलं, असं आई गेल्यापासून झालं नव्हतं. तिने फुंक्याच्या हातातली ओली छत्री काढून घेतली आणि दाराआड टेकवली.

"नाही बाबा," ती म्हणाली, "आहे."