टाऊवूवर भरवसा कसला!

टेकडीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या जागेवर कोणीतरी पाय पसरून बसलं होतं... आणि माझाच डबा उघडून उकडलेला कसावा खात होतं!

"ओ, तो माझा डबा आहे."

"म्हणून तर खातोय," तो हसला. "तू खालच्या वाडीची ना? मी नासावूचा."

झालं! नासावू आणि आमचं गाव एकमेकांचे टाऊवू. मूळपुरुष एकच, त्यामुळे एकमेकांच्या वस्तू न विचारता उचलायच्या, वाट्टेल तशी थट्टा करायची आणि समोरच्यानं मुळीच रागवायचं नाही. रागावलं तर अख्खं गाव आपल्यालाच हसतं. हा अपेनिसा, शाळेची पाण्याची टाकी बसवायला बोटीनं आला होता. माझ्यामागे कटकट मात्र फुकटात लागली.

अख्ख्या बेटावर नेट धड मिळतं ते याच शेडमध्ये. माझं नर्सिंगचं दुसरं वर्ष फोनवरच चाललेलं. फोनवरची प्रात्यक्षिक परीक्षा पास झाले तर राजधानीत, सुवाच्या हॉस्पिटलात शिकायला जायला मिळणार होतं. नाही तर वर्ष वाया.

अपेनिसानं माझी छत्री नेली, पेन नेलं. एकदा स्टेथोस्कोप नेऊन बोकडाची छाती तपासली. पण माझा तास सुरू झाला की आरडाओरडा करणाऱ्या पोरांना हाच हाकलायचा. का बरं? मला संशयच यायचा. काहीतरी मोठी थट्टा शिजत असणार...

"मिली, तू दिसली नाहीस की मला करमत नाही गं," एकदा तो म्हणाला.

"नाटकी मेला! जा, टाकी बसव."

तो हसला, मीही हसले. घरी आल्यावर मात्र माझाच मला राग आला. ते खरं असावं असं मला फार वाटत होतं. पण टाऊवूच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे गावभर हसं करून घ्यायचं.

परीक्षेला माझी आत्या पेशंट होणार होती. पण शेजारच्या गावात कोणी वारलं आणि सकाळच्या बोटीनं सगळे तिकडे गेले. उरला कोण? अपेनिसा!

"हसलास तर बघ," मी दम भरला.

"पेशंटला असं बोलतात?"

वाऱ्याबरोबर सर आली, पत्रा वाजू लागला. फोनच्या पडद्यावर परीक्षा घेणाऱ्या सिस्टर वासिती चष्म्यावरून बघत होत्या. मी रक्तदाब घेतला, नाडी बघितली आणि पाठ केलेला प्रश्न विचारला, "काय त्रास होतोय?"

"पाय दुखतोय... ठणकतोय."

सांगायची ठरली होती डोकेदुखी! म्हणजे आली थट्टा! भर परीक्षेत! माझ्या तोंडून निघूनच गेलं, "लबाड!"

पडद्यावर सिस्टरनी चष्मा वर सरकवला. मग सिस्टर म्हणाल्या, "सेनिमिली, पेशंट दुखतंय म्हणतोय. पाय बघितलास?"

मी वाकून बघितलं. टाचेजवळ प्रवाळानं कापलेली जखम होती. लाल, सुजलेली, हात लावला तर गरम. अंगातही ताप होता. मी हात धुतले, जखम स्वच्छ पाण्यानं धुतली, पट्टी बांधली, ताप मोजला आणि आजच दवाखान्यात जायला बजावलं.

"पास," सिस्टर म्हणाल्या. "थोडक्यात वाचलीस. पेशंटला लबाड म्हणायचं नाही. तो लबाड असला तरी!"

फोन बंद झाला. मी उड्या मारायला हव्या होत्या... पण मी त्याच्या पायाकडेच बघत बसले.

"आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की परवा. तू म्हणालीस, लंगडायचं सोंग छान जमतं." तो खाली बघू लागला. "दुसरंही एक सांगितलं होतं... तेही तुला सोंगच वाटलं."

"मग काय वाटणार? तुम्हा नासावूवाल्यांचं काय खरं मानायचं?"

यावर तोडीस तोड उत्तर येईल म्हणून मी तयारच होते. पण तो पायाची पट्टीच चाचपत राहिला. कान लाल झाले होते. तापानं असतील, मी स्वतःला बजावलं.

"मिली... तू सुवाला गेल्यावर मी तुला भेटायला आलो तर... चालेल का? नको म्हणालीस तर नाही येणार."

टाऊवू कधी विचारत नाही. उचलतो आणि चालू पडतो. जन्मात नासावूच्या कोणी मला काही विचारलं नव्हतं, आणि हा माझ्या नकाराला घाबरत होता!

तरी संशयी जीव माझा.

"परत विचार," मी म्हणाले.

त्यानं विचारलं—तितकंच हळू, तितकंच घाबरत. मग मी हो म्हणाले.