बारक्याची सेटिंग्ज

लिफ्ट बंद होती, म्हणून कॉम्प्युटरचा डबा पोटाशी धरून मी जिना उतरत होते. पुढची पायरी दिसेना… तेवढ्यात समोरून कुणीतरी डब्याचा खालचा कोपरा अलगद धरला.

"बाळाला कुठे नेताय?"

"दवाखान्यात," मी धापा टाकत म्हणाले.

"मग डॉक्टर भेटला समजा. खालचं दुरुस्तीचं दुकान माझंच आहे."

त्याच्या खिशातून पेचकस डोकावत होता. तेव्हापासून माझ्यासाठी तो पेचकसच झाला.

मी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते, ऐकणाऱ्यांसाठी. नवा माइक जोडल्यापासून ऐन वाक्यात कॉम्प्युटर गोठायचा. त्यानं उघडून पाहिलं.

"मदरबोर्डचं बायोस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर, जुनं झालंय. अपडेट करावं लागेल. फक्त आतली सेटिंग्ज पुसली जातात, ती आधी उतरवून घ्यायची."

"एक आकडा इकडचा तिकडे नको," मी म्हणाले. "माझ्या भावानं, बारक्यानं लावून दिलंय ते. माइकमध्ये पंख्यांची घरघर येऊ नये म्हणून महिनाभर खपला होता. कधी, कुठला पंखा, किती फिरायचा… सगळं. आता विचारायला तो नाही."

बारक्याला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

पेचकसनं हातातला स्क्रू खाली ठेवला. "प्रत्येक स्क्रीनचा फोटो काढतो. काळजी सोडा."

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर घरी आला. गोठणं थांबलं होतं, पण पंखे भणाणत होते.

"फोटो आहेत ना?"

"आहेत… पण नव्या बायोसमध्ये त्यातले आकडे जसेच्या तसे बसत नाहीत. जुळवावं लागेल."

मग तो रोज दुपारी दुकान बंद करून यायचा. मी वाचायचे. तो हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकायचा.

"येतेय का घरघर?"

"येतेय. पण माझ्या छातीतली असावी."

"चावटपणा पुरे. पंख्याकडे लक्ष द्या!"

"पंख्याला इतकं छान वाचता येत नाही हो."

आठव्या दिवशी त्यानं हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. आत नुसती शांतता… अगदी तीच. मला रडू फुटलं. आई दारात आली. बारक्या गेल्यापासून तिनं त्याच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. ती आत आली, पेचकसच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "माझ्या लेकाचं काम जपलंस रे, पोरा."

तो खाली वाकून वायरी गुंडाळत राहिला, कितीतरी वेळ. मला वाटलं, लाजला.

'तुम्ही'चं 'तू' झालं. आई न विचारता तिसरा कप मांडू लागली. दुपारी मी वाचायचे, तो शेजारी बसायचा, पान उलटताना बोटांना बोटं लागायची — मुद्दाम. सात महिने असे गेले, आणि एक दिवस आई त्याला म्हणाली, "आता घरच्यांना घेऊनच ये."

दुसऱ्या सकाळी त्यानं मला दुकानात बोलावलं.

"एक सांगायचंय… फोटो नव्हते."

"कसले?"

"सेटिंग्जचे. त्या दिवशी तू गेलीस, आणि तुझं ते 'दवाखान्यात' आठवून मी एकटाच हसत बसलो. त्याच नादात अपडेट सुरू केलं. मध्येच थांबवलं तर बोर्डच मरतो… काही करता आलं नाही."

"मग बारक्याचे आकडे?"

"गेले. आत आहेत ते माझे. कानानं जुळवलेले."

मी स्टूल ओढून बसले.

"त्याच दिवशी सांगितलं असतंस तर रडले असते. चार दिवस बोलले नसते. मिटलं असतं."

"सांगणारच होतो गं. पण तुझ्या आईनं डोक्यावर हात ठेवला…"

"आणि तू ठेवू दिलास."

तो मग हळूच म्हणाला, "माझं प्रेम तरी खोटं नाही."

"माहीत आहे मला. पण सात महिने त्या शांततेत बसून मी बारक्याशी बोलत होते रे… आणि तू शेजारी होतास. ऐकत होतास."

त्यानं हात पुढे केला. मी उठले.

घरी आई बारक्याच्या खुर्चीत बसली होती. हल्ली ती तिथेच बसून भाजी निवडायची.

"कधी येताहेत त्याच्या घरचे?"

"नाही येणार."

"का गं? इतका जीव लावणारा मुलगा… केलं काय त्यानं?"

मी तोंड उघडलं. तिचा एक हात कॉम्प्युटरच्या डब्यावर होता, झोपलेल्या पोराच्या पाठीवर असावा तसा.

"जमलं नाही, आई," मी म्हणाले.

सांगायचं कसं राहून जातं, ते मला तेव्हा कळलं. माझा फोन वाजत होता. त्याचाच होता. वाजून वाजून थांबेपर्यंत मी आईसोबत भाजी निवडत राहिले.