फक्कीच्या रेघेपलीकडे

वल्लरीच्या सहलीला आलेल्या माणसांना पक्षी दिसायच्या आधी वल्लरीची बोलणी खावी लागत. साताऱ्याकडचं औंध मागे टाकून निंबसरच्या तलावाशी गाड्या लागल्या, की ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची. ते लाल जॅकेट काढा. मोबाइल मुका करा. सेंट मारून कशाला आलात, पक्षी काय लग्नाला आलेत? आणि सगळ्यात शेवटी, बोट नाचवत, "ती पांढरी रेघ दिसते ना? ती ओलांडायची नाही. ओलांडलीत तर तुम्हाला हंसांच्या फक्त शेपट्या दिसतील, आणि मग मी दिसेन."

कबड्डीच्या मैदानावर मारतात तसली ती फक्कीची रेघ. वल्लरीने ती उगाच कुठेतरी मारलेली नव्हती. साताऱ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून कंटाळलेली ही बाई कितीतरी हिवाळे या काठावर बसली होती. माणूस ठरावीक अंतरावर आला, की हंसांच्या माना वर होतात. आणखी जवळ आला, की ते दोन पावलं सरकतात. त्याहून जवळ आला, की पंख उघडतात. रेघ त्या मान वर होण्याच्या अंतरावर होती. तिच्या अलीकडून पाहिलं तर पट्टकादंब हंस निवांत चरताना दिसत, चक्रवाक पिसं साफ करत बसत आणि लांब तांबड्या पायांचे शेकाटे चिखलात चोची खुपसत फिरत.

वरद हा तिचा नवरा, ड्रायव्हर, हमाल आणि तिच्या बोलण्यांवर मलम लावणारा माणूस. दुर्बिणीचं जड तिकाटणं खांद्यावर टाकून तो मोठमोठ्याने बोलत चालायचा आणि वल्लरी दर खेपेला त्याला म्हणायची, "तू निघालास हे सायबेरियात कळतं." त्यावर त्याचं हसणं तर आणखीच मोठं.

गाड्या लावायला जागा सुभेदार लालासाहेबांची. पलटणीतून रिटायर होऊन आलेला हा माणूस तलावाच्या कडेला ऊस करायचा आणि सहलीच्या दिवशी शेडमध्ये स्टोव्ह पेटवून सगळ्यांना चहा पाजायचा. बायको गेलेली, मुलगा पलटणीत. चहा देण्याच्या निमित्ताने माणसं यायची, ते त्यांना बरं वाटायचं.

जानेवारीतल्या त्या रविवारी सांगलीचे गोपाळकृष्ण काका आले होते. शाळेतून निवृत्त झालेले, मफलर गुंडाळलेले, कुणाचा धक्का लागला तरी स्वतःच माफी मागणारे गृहस्थ. सगळे दुर्बिणीपाशी रांगेत असताना काका मोबाइल पुढे धरून सरळ चालत गेले. वल्लरीचं लक्ष गेलं तेव्हा ते रेघेच्या पुष्कळ पलीकडे पोचले होते.

ओरडून उपयोग नव्हता. गेली आजची सकाळ, असं मनाशी म्हणत ती पंखांचा फडफडाट ऐकायची वाट पाहत राहिली.

एकही मान वर झाली नाही. काका थेट थव्यात शिरले. एक हंस गवत तोडत त्यांच्या वाटेत आला, तर काकांनाच त्याला वळसा घालावा लागला. टिटवी एवढी भांडखोर, म्हैस आली तरी ओरडणारी, ढगाची सावली पडली तरी ओरडणारी. तीसुद्धा त्यांच्या बुटापासून हातभर अंतरावर गप्प बसून होती. काकांनी वाकून तिचा फोटो काढला.

"किती माणसाळलेत हो!" परत आले ते लहान मुलासारखा चेहरा करून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते पाहून दुसऱ्या एका गृहस्थांना चेव चढला. त्यांनी रेघेपलीकडे पाऊल टाकायचा अवकाश, अख्खा काठ उडाला.

चहाच्या वेळी लालासाहेब काकांकडे बघत राहिले. मग वल्लरीला बाजूला घेऊन म्हणाले, "म्याडम, त्यास्नी घरी पोचवा. एकटं नगा सोडू."

"का हो? काय झालं?"

"काय न्हाई. म्हातारं माणूस हाय."

पुढचा रविवार यायच्या आत काका गेले. मुलीने फोनवर सांगितलं, झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही. त्या हंसांबद्दल शेवटपर्यंत बोलत होते. वल्लरीला वाईट वाटलं. पण वय झालं होतं, थंडी होती. त्यापलीकडे तिने विचार केला नाही.

लालासाहेबांना मात्र तिने ते सांगितलं. वरदही शेजारी होता. सुभेदार कप विसळत होते, ते विसळतच राहिले.

"आमच्या मंडळीच्या, बनूच्या टायमाला बी असंच," ते म्हणाले. "वैरणीचा भारा घिऊन पान्याकडनं यायची रोज. रोज पाखरं उडायची. त्या दिशी हाललीच न्हाईत. मी बांधावर बसून हसलो. म्हनलं, बने, पाखरास्नी तू म्हस वाटलीस बघ." त्यांनी कप पालथा घातला. "ती बी हसली. लय हसली."

"आणि मग?"

"मग काय. गेली की."

वल्लरी चिडली. तिला असल्या गोष्टींची मनापासून चीड होती. दोन माणसं गेली म्हणून लगेच ते पाखरांच्या माथी कशाला मारायचं, पक्ष्यांची वागणूक वाऱ्यावर, भुकेवर, कशाकशावर ठरते, असं ती बरंच बोलली. लालासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाले.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी ती आणि वरद दोघंच फक्की मारायला आले. वरद पाठमोरा, ओणवा होऊन, डब्यातून फक्की सोडत मागे मागे सरकत होता आणि बेसूर गात होता. रेघ नेहमीच्या दगडाशी संपायला हवी होती. गाण्याच्या नादात त्याने दगड मागे टाकला. वल्लरी दुर्बीण लावून बसली होती. दुर्बिणीच्या गोलात तिला आधी वरदचा बूट दिसला. मग त्या बुटाला जवळजवळ चिकटून चरणारी हंसाची चोच.

तिने दुर्बीण खाली केली.

"वरद. टाळी वाजव."

तो सरळ झाला, भोवताली बघितलं आणि हसला. टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. मग त्याचं हसू हळूहळू मावळलं. तोही काकांच्या दिवशी इथेच होता.

"ओरड," वल्लरी म्हणाली.

त्याने तिचंच नाव घेऊन हाक मारली. हाक पाण्यावरून गेली, पलीकडच्या बांधावर आपटून परत आली. शेकाटे चिखलात चोची खुपसत राहिले.

वल्लरी धावत निघाली. तिने रेघ ओलांडली मात्र, सगळा थवा एकदम उठला. टिटवी तिच्या डोक्यावर घिरट्या घालत शिव्या देऊ लागली. पंखांच्या वाऱ्याने वरदचे केस विस्कटले, आणि तो मधोमध उभा राहून तिच्याकडे बघत होता.

सोमवारी ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. रक्त तपासून झालं, हृदयाची पट्टी काढून झाली, यंत्रावर पळवून बघितलं, छातीचा आणि डोक्याचा स्कॅन झाला. "माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले. वल्लरीला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्याच्या श्रीमुखात द्यावीशीही वाटली. सगळं ठीक असेल तर मग बरं काय करायचं?

तिने सहली रद्द केल्या. वरदकडून गाडीची किल्ली काढून घेतली. जिना उतरताना त्याचा दंड धरू लागली. तो जेवताना ठसकला तरी तिच्या हातातलं भांडं सुटायचं. सांगलीला अनसूयामावशीकडे राहून शिकणाऱ्या अबोलीला, त्यांच्या मुलीला, त्यांनी काहीच कळू दिलं नाही. काय सांगणार? बाबांना बघून पक्षी उडत नाहीत म्हणून?

शेवटी वरदच कंटाळला. "वल्ली, हे असं कोंडून घेऊन बसण्यात काय अर्थ आहे? चल, परत जाऊ. एकदा उडू देत, मग सुटलो."

त्या आशेने दोघांची पार वाट लावली. रोज सकाळी साताऱ्याहून गाडी काढायची, वल्लरीने चालवायची, रेघेशी थांबायचं. वरद एकटा पुढे जायचा. त्याने लाल जॅकेट घातलं. एके दिवशी घरून स्टीलचं ताट आणि पळी घेऊन आला आणि थव्याच्या मधोमध उभा राहून ताट बडवत राहिला, ताटाला पोचे पडेपर्यंत. हंस चरत होते. ज्या माणसाच्या पावलाने सायबेरिया जागा व्हायचा, त्याच्यासमोर एक शेकाट्या पाठ करून उभा होता. वल्लरी रेघेशी उभी राहून रडली. मग खात्री करायला तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि सगळे उडाले. तिच्यासाठी ते रोज उडायचे.

लालासाहेब आता शेडबाहेर येत नव्हते. चहाचे दोन कप मात्र झाकून कट्ट्यावर ठेवलेले असत. एकदा वल्लरी आतच शिरली. "सुभेदार, तुम्ही काय केलंत तेव्हा? काहीतरी केलं असेल ना?"

"काय सोडलं न्हाई, ताई," ते खाली बघत म्हणाले. "यमाईला साकडं घातलं, दवाखान्यात घातलं. घरात बसवून ठेवली. काय सोडलं न्हाई."

त्या सकाळी पाण्यावर धुकं होतं. वरद नेहमीप्रमाणे निघाला. आता तो ओरडतही नसे, नुसता चालत जाई. थव्याच्या कडेला पोचला, आत शिरला.

आणि पक्षी उडाले.

सगळे. हंस, चक्रवाक, शेकाटे, एका दमात. पाण्यावर नुसता गलका उठला. वरद सूर्याकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि मोठ्याने हसला. किती दिवसांनी ते हसू तिच्या कानांवर आलं.

"वल्ली! उडाले! बघितलंस? उडाले!"

वल्लरीने बघितलं होतं. माणूस आला की जवळचे आधी उठतात, लांबचे नंतर. हे लांबचे आधी उठले होते. तिने मान वर केली. धुक्याच्या वर, पंख तिरके धरून, एक दलदली भोवत्या संथपणे पाण्यावरून येत होता. हा शिकारी पक्षी दिसला की थवे असेच उठतात.

वरदने वर पाहिलंच नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "उडाले."

एवढं तरी त्याला मिळू दे, असं तिला वाटलं.

त्याने तिथेच फोन काढला. तसाच सूर्याकडे तोंड करून, ओल्या डोळ्यांनी, नेहमीच्या त्या मोठ्या आवाजात तो बोलू लागला. "अबोली! कॉलेजला सुट्टी टाक. आम्ही येतोय तुला घ्यायला. आत्ता, इथूनच. अगं, काही झालं नाही, आनंद झालाय म्हणून! तिघं मिळून समुद्रावर जाऊ. मावशीला सांग, बॅग भर."

भोवत्या बांधापलीकडे दिसेनासा झाला.

पक्षी परत येऊ लागले. आधी टिटवी उतरली, वरदच्या मागे. मग शेकाटे, एकामागून एक. मग हंस, पाय पुढे काढून. त्याच्या डावीकडे, उजवीकडे. तो बोलतच होता. नुसता मागे वळला असता तरी त्याला कळलं असतं.

वल्लरीला एकच सुचलं. तो वळायच्या आत त्यांना उडवायचं. तिला बघून ते उडतील, त्याला वाटेल आपल्याला बघून उडाले.

तिने ओढणी हातात घेतली आणि पळत सुटली. रेघ ओलांडली. ओढणी गरगरा फिरवली, हो हो करून ओरडली, होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडली.

एकही मान वर झाली नाही.

ती थव्यातून पळत होती. वाटेतल्या हंसाला तिला वळसा घालावा लागला. टिटवी गप्प होती.

तिच्या ओरडण्याने वरद वळला. त्याने तिच्याकडे बघितलं. मग तिच्या पायांकडे. मग स्वतःच्या. फोन कानापासून हळूहळू खाली आला.

दोघं एकदम जाणार, वल्लरीच्या मनात आलं. तिची नजर आपसूक बांधाखाली लावलेल्या गाडीकडे गेली.

"हॅलो? बाबा? निघालात का?" फोनमधून अबोलीचा आवाज येत होता.

वल्लरीने फोन घेतला. "अबोली, आम्ही येत नाही."

"अगं, बाबा आत्ता तर म्हणाले—"

"बाबा काहीही म्हणू देत. तू मावशीकडेच राहायचं. आमच्याबरोबर गाडीत बसायचं नाही. आम्ही दारात येऊन उभे राहिलो, हाका मारल्या, तरी बसायचं नाही. ऐकलंस?"

"आई, काय झालंय? तू रडतेयस?"

"ऐकलंस का, ते सांग."

"ऐकलं. पण मग आपण भेटायचं कधी?"

वरद खाली बघत होता. वल्लरीनेही बघितलं. एक शेकाट्या चिखलातून निघून तिच्या बुटावर चढला होता. त्याने दुसरा पाय पोटाशी घेतला, चोच पाठीच्या पिसांत खुपसली आणि डोळे मिटले.