शिवानीनं अर्धी सोडलेली धून

बसा जवळ. दार लोटून घ्या, थंडी हाय. नीलम, तू मघाशी विचारलंस न्हवं, सिद्रामप्पाचा शंभुराज मुंबईतलं एवढं मोठं काम सोडून सेलूला पोरांना पेटी कामून शिकवतो म्हणून? सांगतो. सिद्रामप्पा माझा जिवाचा दोस्त. आन हे शंभूनं सोताच्या तोंडानं मला सांगितलंय.

टीव्हीवरच्या एका ऐतिहासिक मालिकेचं संगीत तो करायलाता. लय मोठा वाद्यमेळ. आधी समदं कंप्युटरवर बसवायचं, मग स्टुडिओत माणसं वाजवणार. व्हायोलिन मात्र त्याची बायको शिवानी आधीच वाजवून द्यायची. ती वाजवायची, हा लिहून घ्यायचा.

लढाईत सरदार पडतो. घोडा एकलाच वाड्यावर येतो. सरदाराची बायको त्या रिकाम्या घोड्याम्होरं उभी ऱ्हाती. त्या प्रसंगाची धून दोघं करायलेते. अर्धी झाली, आन शिवानीला डेंगी झाला. आठवडाभरात सिद्रामप्पाची ही सून गेली.

शंभूनं तिला गावी, वालूरला आणलं. लिंगायत हायेत ते; त्यांच्यात जाळत न्हाईत, मातीत बसवतेत. शेतातच बसवलं. तिचं व्हायोलिन शंभूनं तिच्या मांडीवर ठेवलं.

मग मालिकावाल्यांचे फोन. "सर, धून पुरी करा, न्हाईतर दुसऱ्याकडून करून घेतो."

शंभू म्हणला, "तिच्या धुनेला दुसऱ्याचा हात लागू देणार न्हाई."

पण त्याला तरी कुठं जमायलंतं? गावच्या घरीच कंप्युटर घेऊन रोज वरच्या खोलीत बसायचा. तिनं वाजवलेलं लावायचा. ती थांबली, की ह्याचं डोकं बी तिथंच थांबायचं.

दोन सालांमागची येळवशीची रात. शेतातल्या पूजेची अमावस्या. समदे शेतात जेवून आलेते, दमून झोपलेते. शंभूनं धून लावली. शिवानी वाजवत गेली... अन् जिथं थांबायची, तिथं थांबली.

कंप्युटर गप.

आन व्हायोलिन पुढं वाजायला लागलं.

त्याच्या पाठीमागून.

"वळून पाह्यलं न्हाई, काका," शंभू मला म्हणला. "वळलो तर थांबंल, असं वाटलं."

त्यानं कागद वढला, लिहायला लागला. एका जागी चुकला, तर तेवढाच तुकडा पुन्यांदा वाजला. ती जिती असताना तसंच करायची.

"हळू..." हा म्हणला.

वाजवणं हळू झालं.

धून सरत आली, तसं ह्याच्या ध्यानात आलं. सरली, की ही जाणार.

शेवटचा सूर उतरला. हा म्हणला, "समजलं न्हाई. पुन्हा."

तिनं पुन्हा वाजवलं.

"पुन्हा..."

वाजवलं.

"शिवानी... पुन्हा."

...

काईच न्हाई.

मग अगदी कानामागं... तिचा आवाज.

"अहो... लिहून झालंय की."

...

शंभू वळला. खोली रिकामी.

पुढं मुंबईत तीच धून मोठ्या वाद्यमेळानं वाजवली. टीव्हीवर लागली, तवा शंभूची आई चन्नबसम्मा पदर तोंडात धरून बसलीती. त्यानंतर शंभूनं नवी धून केली न्हाई. म्हणतो, आता लिहिलं तर दाखवू कुणाला?

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगायचं ऱ्हायलं. सिद्रामप्पानं मला बोलावलं. "दिनकर, जरा वर ये."

गेलो. शंभूच्या खुर्चीमागं, फरशीवर, पांढरी भुकटी सांडलीती. चिमूटभर. मी म्हणलं, चुना असंल.

शंभूनं बोट लावलं. वास घेतला. आन भुईवर बसकण मारली.

"राळ हाय, काका. व्हायोलिनच्या गजाला घासतेत. वाजवताना खाली झडती."

मी बी बोट लावून पाह्यलं.

ताजी व्हती.