उजवीकडची स्प्रिंग

ही घटना खरी आहे. गोष्ट म्हणून वाचायची तर वाचा. पण त्या गॅरेजच्या पत्र्याला पडलेलं भोक अजून बुजवलेलं नाही, आणि त्या घरातल्या थोरल्या मुलाचा डावा डोळा परत आलेला नाही.

यात रात्र नाही. जे घडलं ते लख्ख उजेडात, सकाळी अकराच्या सुमारास, गल्लीच्या टोकाच्या एका बैठ्या घरात.

शनिवार होता.

बाबा छत्तीस वर्षं बस डेपोत फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी गाडी आणली. गोल दिव्यांची, गडद हिरवी, लेकीपेक्षा दहा वर्षांनी मोठी. घरात तिला सगळे म्हातारी म्हणत. म्हातारीचं तोंड जरा वर होतं आणि वळणावर ती होडीसारखी कलायची. म्हणून पुढच्या दोन्ही जुन्या स्प्रिंगा काढून आखूड आणि कडक स्प्रिंगा बसवायचं बाबांनी ठरवलं होतं. दोन इंच तरी खाली बसेल, म्हणाले. या घरात नाक वर करून चालणाऱ्या दोघी आहेत, एकीला तरी खाली आणतो.

दुसरी म्हणजे लेक. एका वाचनालयात ग्रंथपाल, पण शनिवारी बाबांची हेल्पर. बाबा तिला हाकच तशी मारायचे.

शुक्रवारी संध्याकाळी, ती वाचनालयातून आल्यावर, दोघांनी मिळून उजवीकडची स्प्रिंग काढली. काही अडचण आली नाही. बाबांनी ती पुसून बाकावर उभी ठेवली. पंधरा इंच उंच, अंगठ्याएवढ्या जाड सळईची.

शनिवारी डावीकडची.

गाडीत बसलेली स्प्रिंग म्हणजे दावणीला बांधलेला माजलेला बैल. तिला अख्ख्या इंजिनाच्या वजनाने दाबून ठेवलेलं असतं. खालच्या आर्मला, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याला, जॅकचा टेकू द्यायचा, सांध्याचा नट सोडायचा आणि जॅक इंचाइंचाने उतरवायचा, म्हणजे ती हळूहळू मोकळी होते. जॅक घसरला तर मात्र ती गोळीसारखी सुटते. त्यासाठी एक साखळी वेटोळ्यांतून ओवून गाडीच्या सांगाड्याला बांधतात.

डेपोतला नियम होता. बांधणारा वेगळा, सोडणारा वेगळा. सोडणाऱ्याने फक्त विचारायचं. समोरच्याने हो म्हटलं की पुन्हा वाकून बघायचं नाही. बघणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटं म्हणणं. बाबांनी छत्तीस वर्षं तो नियम पाळला आणि घरीही तोच चालवला.

लेकीने साखळी ओवली. हूक अडकवायचा राहिला होता, तेवढ्यात स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास आला. आई अंघोळीला गेली होती. लेक हात पुसत आत पळाली.

ती गॅस बंद करत असताना बाबांची हाक आली.

"हेल्पर, साखळी बांधली?"

अर्ध्या मिनिटात परत जायचंच होतं. आत्ता नाही म्हटलं तर बाबा हसणार, दुधाने कामाची खोटी केली म्हणून आठवडाभर चिडवणार.

"बांधली," ती आतून म्हणाली.

तिने भांडं सिंकमध्ये ठेवलं. नळ सोडला.

आणि...

आवाज असा आला की खिडकीची तावदानं थरारली. त्यानंतर काहीच नाही. पाना पडल्याचाही आवाज नाही.

ती धावत गेली. स्प्रिंग भिंतीला आपटून जमिनीवर अजून गरगरत होती. प्रत्येक फेरीला फरशीवर ओली लाल रेघ उमटत होती. बाबा चाकाच्या जागेसमोर बसल्यासारखे होते. हनुवटीपासून खाली छातीपर्यंत त्यांचं असं काही उरलं नव्हतं. हातात पाना मात्र घट्ट होता.

जॅक घसरून आडवा झाला होता. साखळी खाली पडली होती. हूक मोकळा.

दादा, तिचा थोरला भाऊ, संध्याकाळपर्यंत आला. त्याने गॅरेज पाहिलं, साखळी उचलून पाहिली आणि म्हणाला, बाबा साखळी लावायला विसरले, वय झालं होतं. पंचनाम्यातही तेच लिहिलं गेलं. डेपोतले लोक भेटायला आले, तेही दारात चपला घालताना हळू आवाजात तेच म्हणत होते. जन्मभर आम्हाला ओरडला आणि स्वतः...

लेक चहाचे कप गोळा करत होती. तिने ऐकलं. ती गप्प राहिली.

पंधरा दिवसांनी ती गॅरेज झाडायला गेली. बाकावर उजवीकडची स्प्रिंग तशीच उभी होती.

तशीच?

तिला ती बुटकी वाटली. तिने भिंतीवरची लोखंडी पट्टी काढून लावली.

तेरा इंच.

तिने पट्टी पुसून पुन्हा लावली. तेरा. वर काही ठेवलेलं नव्हतं. कशाने बांधलेलं नव्हतं. दोन माणसं वर उभी राहिली असती तरी ती स्प्रिंग बोटभर दबली नसती.

त्या संध्याकाळी बाबांचा एक जुना सोबती आला, ओसरीवर बसून हळहळला. एवढा शिस्तीचा माणूस, पण शेवटी चूक त्याचीच. लेक मान खाली घालून ऐकत होती.

गॅरेजमधून करकर ऐकू आली. लोखंडाने दात खाल्ल्यासारखी.

सकाळी स्प्रिंग बारा इंच होती.

मग तिला हिशेब कळला. कुणी तसं म्हणालं आणि ती गप्प राहिली, की एक इंच. अकरा. दहा. नऊ. हातात पट्टी घेऊन ती रोज उभी राहायची आणि दार लोटून परत यायची. माणूस पोटातलं लपवतो तेव्हा ते कुठेतरी दाबून बसवावंच लागतं. एवढं तिने पुस्तकांत वाचलं होतं. ते बाकावर उभं राहिलेलं ती पहिल्यांदाच बघत होती.

पुढच्या शनिवारी दादा आला. जुन्या स्प्रिंगा परत बसवून म्हातारीला पायावर उभी करायचं आणि दारातून हलवायचं त्याने ठरवलं होतं. त्याने बहिणीला टॉर्च धरायला सांगितलं. आपल्याला काय येतंय यातलं, म्हणून स्वतःच हसला. मग बाकाकडे गेला.

स्प्रिंग आठ इंच होती. वेटोळ्यांत बोट जाणार नव्हतं.

"दादा, तिला हात नको लावूस."

"का गं?"

कारण विचारलं होतं. सांगायची वेळ तीच होती.

"गंज आहे," ती म्हणाली.

दादा हसला. "तू पण ना, बाबांसारखीच. त्यांनी एवढी काळजी त्या साखळीची घेतली असती तर..."

तो वाकला.

करकर थांबली.

स्प्रिंग सुटली तेव्हा तिला फक्त दादाचं डोकं मागे फेकलं गेलेलं दिसलं. गालाचं हाड मोडल्याचा आवाज वाळक्या काटकीसारखा आला. पत्रा फाटला, उजेडाचा एक गोल जमिनीवर पडला आणि त्या गोलात दादा दोन्ही हातांनी तोंड धरून गुडघ्यांवर आला. बोटांतून रक्त धारेने वाहत होतं. तो ओरडतही नव्हता. डोळा, डोळा, एवढंच पुटपुटत होता.

स्प्रिंग छताला आपटून खाली आली. कोपऱ्यात पडली. पंधरा इंच.

डॉक्टरांनी गाल शिवला. डोळा वाचला नाही. कसं झालं, असं विचारल्यावर लेक म्हणाली, हातातून सुटली.

तेव्हाही तिने तेवढंच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी ती इस्पितळातून घरी आली तर गॅरेजचं दार उघडं होतं. आत आई. इतके दिवस आईने त्या उंबऱ्यात पाऊल टाकलं नव्हतं. बाबांबद्दल लोक काय काय बोलले, आई एका शब्दाने त्यात पडली नव्हती.

आईने पदर खोचला होता. ती बाक पुसत होती. कोपऱ्यात पडलेली स्प्रिंग आता बाकावर होती, वाकलेल्या आईच्या गळ्यासमोर.

"कोणी ठेवली ती तिथे?"

"होतीच," आई म्हणाली. "आज भंगारवाल्याला देऊन टाकते. नवरा गेला, लेकाचा डोळा गेला."

स्प्रिंग साडेपाच इंच होती. आता हिशेब इंचाइंचाचा राहिला नव्हता; दादाच्या डोळ्याचं खोटंही त्यात एकदम दाबून बसलं होतं. वेटोळी एकमेकांना चिकटलेली. सगळं लोखंड बारीक थरथरत होतं.

आई पुसता पुसता थांबली. खूप दमलेल्या आवाजात, पहिल्यांदाच, म्हणाली, "छत्तीस वर्षांत एकदा विसरला गं माणूस. एकदाच. आणि मी नेमकी तेव्हाच अंघोळीला गेले."

करकर...

आईने स्प्रिंगकडे हात नेला.

लेकीने तो हात मध्येच धरला आणि स्वतः बाक आणि आई यांच्यामध्ये उभी राहिली. पाठ स्प्रिंगकडे. पाठीला लोखंडाचा गारवा जाणवत होता.

पुढचं आधी सांगते. स्प्रिंग उडाली नाही. पण उघडलीही नाही. ती आजही त्या बाकावर आहे, साडेपाच इंच, कुणी न दाबलेली, आणि भंगारवाला दारातूनच परत गेला. तिला आणखी काय हवं आहे, ते त्या घरात कुणालाच कळलेलं नाही. लेक रोज पट्टी लावते.

त्या सकाळी मात्र तिने आईकडे बघितलं आणि ती बोलली.

"आई, बाबा विसरले नव्हते. त्यांनी मला विचारलं होतं. हूक लावला नव्हता तरी मी हो म्हणाले. आणि नंतर घाबरून गप्प राहिले असं नाही गं. मला वाटलं, बाबा तर गेलेच आहेत... दोषही त्यांच्याबरोबर जाऊ दे."