रेगिनाची सफरचंदं

“हात लावू नका त्या सफरचंदांना!”

बोझेनाचे शब्द पाठीवर आदळले आणि लुद्विकाच्या हातातलं सफरचंद निसटून टेबलावरून गडगडत खाली गेलं… तिच्या नवऱ्याला, विंत्सेंतीला जाऊन आज महिना झाला होता. अकराला चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना, मग चार माणसं घरी जेवायला. सकाळपासून लुद्विका एकटीच स्वयंपाकघरात राबत होती. सूप शिजत होतं, बटाटे सोलून झाले होते, आणि तळघरात गवताखाली जपून ठेवलेली रेनेता सफरचंदं वर आणून ती केकसाठी एकेक पारखत होती. मळकट, खरखरीत सालीची, दिसायला अगदी कुरूप अशी ती सफरचंदं!

“केक आज मी करणार आहे,” बोझेना म्हणाली. लग्न होऊन किएल्त्सेला गेलेली विंत्सेंतीची ही एकुलती एक लेक काल संध्याकाळीच आली होती. “माझ्या आईसारखा. बाबांना तोच आवडायचा.”

तिनं पिशवी टेबलावर उलटी केली. लालभडक, चकाकणारी सफरचंदं! लुद्विकानं एकाच नजरेत ओळखलं, पातळ सालीचं, गोड, पाणीदार फळ; ओव्हनमध्ये दहा मिनिटांत त्याचा लगदा होणार.

“बोझेना, ही पाणी सोडतील गं. खालचा पिठाचा थर भिजून जाईल. वाटल्यास यातली थोडी—”

“बाई!”

तीस वर्षं या घरात लुद्विकाला ती ‘बाई’च म्हणत आली होती. शाळेतल्या मास्तरणीला म्हणावं, दुकानातल्या परक्या बाईला म्हणावं, तसं!

“बाई, माझ्या आईची खोली घेतलीत, तिचा नवरा घेतलात. आता तिचा केकसुद्धा तुम्हीच मला शिकवणार? अहो, मी नऊ वर्षांची होते, पण आंधळी नव्हते! शनिवारी शाळा लवकर सुटली होती. टोपलीवर फडकं टाकून मागच्या दारानं आत शिरताना पाहिलंय मी तुम्हाला… आणि आतून दार उघडलं बाबांनी! पलीकडच्या खोलीत माझी आई मरत होती हो! आणि तुम्ही…”

लुद्विकानं वाकून खाली पडलेलं सफरचंद उचललं, पदरासारख्या मोठ्या अ‍ॅप्रनला पुसलं आणि टोपलीत ठेवलं.

“महिनाअखेरीला आम्ही इथं राहायला येतोय,” बोझेना कोरड्या आवाजात म्हणाली. “घर बाबांनी माझ्या नावावर केलंय, तुम्हाला ठाऊकच आहे. तुमची बहीण तार्नोब्झेगला असते ना?”

“असते.”

“मग झालं तर.”

मग झालं तर! तीस वर्षांचा संसार या तीन शब्दांत संपला… लुद्विका खिडकीशी जाऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी नव्हतं. ते कधीच आटलं होतं. अंतःकरणात होतं ते फक्त एक जुनं, कडवट ओझं.

कारण त्या टोपलीत काय होतं, हे तिला ठाऊक होतं.

त्या वेळी लुद्विका एकोणतीस वर्षांची होती आणि काचेच्या कारखान्याच्या खानावळीत केक, पाव भाजायची. विंत्सेंतीची बायको रेगिना काळजाच्या दुखण्यानं खंगत चालली होती. शनिवारच्या बाजारात ती सबिनाच्या सफरचंदांच्या गाड्याशेजारी स्टुलावर बसायची आणि फळं निवडायची. अंगठ्यानं देठाजवळ दाबून बघायची, तळहातावर वजन घ्यायची, डोळे मिटून वास घ्यायची. लुद्विका तिथंच भाजी घ्यायला यायची. एके दिवशी रेगिनानं तिचा हात घट्ट धरला.

“लुद्विका, एवढं करशील माझं? माझी पोर रोज विचारते, सगळ्यांच्या आया शनिवारी केक करतात, तू का गं करत नाहीस? मला दोन मिनिटं उभं राहवत नाही. आणि खरं सांगू? धड होते तेव्हाही मला भाजणं कधी जमलं नाही.” ती हसली होती, आणि हसता हसता तिला धाप लागली होती. “मी गेल्यावर तिला माझं काय आठवणार? औषधाच्या बाटल्यांचा वास? एक तरी चांगला वास माझ्या नावावर राहू दे… सफरचंदं मी निवडीन, केक तू कर. म्हणजे अर्धं तरी खरं होईल.”

लुद्विकाला नाही म्हणवलं नाही. चौदा शनिवार तिनं खानावळीतून गरम केक फडक्याखाली झाकून त्या घराच्या मागच्या दारानं नेला. बाजारातून दमून आलेल्या रेगिनाला उठवेना तेव्हा दार विंत्सेंतीनं उघडलं, एवढाच काय तो त्याचा आणि तिचा संबंध!

आणि शेवटच्या आठवड्यात, अंथरुणाला खिळलेल्या रेगिनानं दुसरं दान मागितलं होतं. “त्याच्यासाठी नाही मागत गं. पुरुष सावरतात. बोझेनासाठी मागते. दुसरी कुणी आली तर तिचे हाल होतील. तू ये. आणि केकचं कधी सांगू नकोस तिला. शप्पथ घे!”

त्याच आठवड्यात ग्दीनियाच्या बंदरातून झेनोनचं, तिच्याशी लग्न करू पाहणाऱ्या माणसाचं, पत्र आलं होतं. खोली मिळालीय, आता ये, म्हणून. लुद्विकानं ते तीनदा वाचलं, चौथ्यांदा वाचलं नाही. उत्तरात दोनच ओळी लिहिल्या. झेनोननं पुन्हा कधी विचारलं नाही.

विंत्सेंतीशी लग्न झाल्यावरच्या पहिल्या शनिवारी तिनं रेगिनानं शिकवल्याप्रमाणे सफरचंदं निवडली. चकाकतं ते खायला, भाजायला नाही. खरखरीत घे, जड घे, थोडं सुरकुतू लागलेलं घे. तोच हात, तेच लोणी, तीच दालचिनी. नऊ वर्षांच्या बोझेनानं एक घास घेतला आणि बशी दूर ढकलली. “आईसारखा नाही!”

त्या क्षणी लुद्विकाला हसावं की रडावं कळेना. विंत्सेंती समोर बसला होता. त्याला सगळं ठाऊक होतं! तिनं त्याच्याकडे पाहिलं; त्यानं मान खाली घालून आपला तुकडा संपवला. त्या दिवशी संध्याकाळी म्हणाला, “लहान आहे. विसरेल.” तो लेकीला घाबरायचा. त्या भित्रेपणाची किंमत मात्र तीस वर्षं दुसऱ्याच बाईनं मोजली…

प्रार्थना झाली. चर्चमधून परतल्यावर बोझेनानं ओव्हन उघडला. केक मधोमध खचला होता, कडेनं गढूळ पाणी सुटलं होतं. ती ओठ चावत तशीच उभी राहिली. तेवढ्यात मागचं दार ढकलून सबिना आत आली. ऐंशी ओलांडलेली, कानानं अधू, काठी टेकत आलेली, आणि दुसऱ्या हातात टोपली.

“लुद्विका! अगं, माझ्या झाडाची शेवटची रेनेता आणलीत बघ. गाडा बंद करून दहा वर्षं झाली, पण तुझ्यासाठी—” तिची नजर केककडे गेली. “अगंबाई! हे काय? पूर आला का काय यात?”

“मी केलाय,” बोझेना मोठ्यानं म्हणाली. “आईसारखा करायला गेले होते.”

“कुणासारखा?”

“आईसारखा! रेगिनासारखा!”

सबिना खुदकन हसली. “रेगिनासारखा? मग बरोबरच झालाय की गं! तिला कुठं येत होतं भाजायला? बिचारीचा साधा पावसुद्धा जळायचा! पण निवड मात्र… माझा अख्खा गाडा उपसायची आणि आठ फळं काढून हिच्या झोळीत टाकायची.”

“सबिनाताई, पुरे!” लुद्विका जवळजवळ किंचाळली.

“काय म्हणालीस? मोठ्यानं बोल.”

“म्हाताऱ्या झाल्या त्या,” लुद्विका घाईघाईनं बोझेनाला म्हणाली. “त्यांचा घोटाळा होतोय. केक तुझी आईच करायची.”

“घोटाळा?” हे मात्र सबिनाला नेमकं ऐकू आलं. “माझ्या तोंडावर खोटं बोलतेस? दर शनिवारी माझ्या डोळ्यांदेखत सफरचंदं घेऊन खानावळीकडे धावत जायचीस ती कोण, मी? मला वाटलं, विंत्सेंतीनं पोरीला केव्हाच सांगितलं असेल!”

बोझेनाचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती ओव्हनकडे पाहत होती, आणि बोलली तेव्हा तिचा आवाज नऊ वर्षांच्या मुलीसारखा झाला होता.

“ओव्हन गार असायचा… शाळेतून आले की मी हात शेकायला ओव्हनपाशी जायचे. टेबलावर केक गरम असायचा, वाफ निघत असायची, आणि ओव्हन गार! मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, मी सकाळीच विझवला…” तिनं लुद्विकाकडे पाहिलं. “टोपलीत केक होता?”

लुद्विकानं पुढे होऊन ओव्हनचं दार लावलं.

“बाई, सांगा ना! टोपलीत केक होता?”

“ती तुला फार जीव लावायची,” लुद्विका कशीबशी म्हणाली. “प्रत्येक फळ तिनं स्वतः निवडलेलं असायचं. ते खोटं नव्हतं.”

बोझेना मटकन खाली बसली. तिच्या हुंदक्यांनी सगळं घर भरून गेलं. पाहुणे दारातच थबकले, आणि आपण काय वावगं बोललो हे न कळून सबिना एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिली.

पाहुणे गेल्यावर बोझेना लुद्विकाच्या खोलीत आली. पलंगावर उघडी सूटकेस होती.

“जाऊ नका. मी हात जोडते. मी काय काय बोलले तुम्हाला! लग्नात तुम्हाला मागच्या रांगेत बसवलं. आईच्या थडग्यावर कधी येऊ दिलं नाही… तुम्ही एका शब्दानं मला थांबवू शकला असता. का नाही सांगितलंत?”

“शब्द दिला होता.”

“तेवढ्यासाठी?”

लुद्विका सूटकेसशेजारी पलंगाच्या कडेवर बसली. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं काहीतरी तिच्या उरात उसळून वर आलं.

“मला देवी करू नकोस, बोझेना. मी तुझ्या आईचा द्वेष केलाय. दर शनिवारी केलाय! तू बशी ढकलायचीस ना, तेव्हा मनात तिला म्हणायचे, मेलीस ती सुटलीस, आणि मला इथं अडकवून गेलीस! शंभरदा तोंडावर आलं होतं माझ्या. पण तू शाळेच्या वहीत लिहिलं होतंस, माझ्या आईच्या हाताला दालचिनीचा वास यायचा, म्हणून. तेवढीच तर आई होती तुझ्याकडे. ती कशी काढून घेऊ मी?”

बोझेनानं तिच्या मांडीवर डोकं टेकलं. “मला माफ कर,” ती पुटपुटली. ‘करा’ नाही, ‘कर’!

लुद्विकानं तिच्या केसांवर हात ठेवला. पण माफ केलं म्हणायला काही केल्या जीभ उचलेना. तीस वर्षांचं कडू एका संध्याकाळी कसं निवळावं?

“राहशील ना?”

“नाही, पोरी. या घरात मी दुसरीच्या जागेवर राहिले. आता उरलेले दिवस माझ्या स्वतःच्या जागेवर काढू दे. बहिणीकडे एक लहानशी खोली आहे. तिथं माझ्याआधी कुणी राहिलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी सूटकेस बोझेनानं उचलली. वाटेत दोघी कबरस्तानात शिरल्या. लुद्विका पहिल्यांदाच रेगिनाच्या थडग्यासमोर उभी राहिली. दगडावरची ओली पानं तिनं हातानं बाजूला केली आणि म्हणाली, “रेगिना, सांगितलं गं शेवटी. मी नाही, सबिनानं. पण पोर अजून तुझीच आहे. काळजी करू नकोस.” मग म्हणाली, “आणि माझ्यासाठी तिथं काही मागायचं असेल, तर आता माग. तू मागण्यात पटाईत आहेस.”

बोझेना रडता रडता हसली.

बस आली. “कधी येशील?” बोझेनानं विचारलं.

“मी नाही येणार. तू ये.”

दार लागलं. बोझेना थांब्यावर उभी होती. बस वळेपर्यंत तिचा हात वर होता. आणि मग, इतक्या वर्षांनंतर, लुद्विकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. रेगिनासाठी नाही, विंत्सेंतीसाठी नाही, फक्त स्वतःसाठी… शेजारच्या बाईनं हळूच रुमाल पुढे केला.

“सोडायला आल्या होत्या त्या, मुलगी वाटतं तुमची?”

लुद्विका बाहेर पाहत राहिली. विस्वा नदीचा पूल आला, मागे पडला. मग तिनं डोळे पुसले.

“हो,” ती म्हणाली. “फार उशिरा झाली.”