छतातला कान

काम साधेच होते : बायकोला माहेराहून घेऊन यायचे. माझा मावसभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, तो गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या चौदा तारखेला, गुरुवारी, दुकानाचे शटर ओढून संध्याकाळी पावणेसातला निघाला. पुढचे सारे त्याने स्वतः मला सांगितले आहे. दादा रागावतो, जळतो. खोटे मात्र बोलत नाही. दिवा लावू नका, अंधारच राहू द्या. दिवा लागला की तुम्ही भाचेमंडळी माझ्याकडे न बघता मोबाइलकडे बघता.

दादाचे दुकान गाड्यांत स्टिरिओ बसवण्याचे. वायरिंग दादाचे आणि आवाज लावणे त्याच्या भागीदाराचे. त्या भागीदाराला सारे कानसेन म्हणत, आणि ते नाव त्याला शोभत असे. अॅम्प्लिफायर म्हणजे काय, हे मला त्यानेच समजावले. स्टिरिओतून निघणारा आवाज मुळात दुबळा असतो. अॅम्प्लिफायर त्याला बळ देतो. परंतु उभ्या गाडीत गोड वाटणारे गाणे गाडीने वेग घेतला की विरते, कारण टायरांची घरघर आधी खालचे सूर गिळते. म्हणून चांगल्या अॅम्प्लिफायरला छतात हरभऱ्याएवढा मायक्रोफोन जोडलेला असतो. गोंगाट वाढला, की तो ऐकून अॅम्प्लिफायर गाणे हलकेच चढवतो. कोणी बोलू लागले, की दाबतो. बोलणे थांबले, की पुन्हा वर आणतो. कानसेन त्याला ‘छतातला कान’ म्हणत असे. “तुझ्यापेक्षा शहाणा आहे,” तो दादाला चिडवी, “दुसरा बोलत असताना गप्प बसतो.”

त्याची आणखी एक खोड होती. वायरीच्या जोडाला तो कधीही टेप लावत नसे. उन्हाने टेपचा डिंक सुटतो म्हणून कथलाचा डाग दिल्यावर तो जोडावर पांढऱ्या दोऱ्याचे तीन वेढे घेई आणि गाठीचे टोक दाताने तोडी.

गिऱ्हाईक गाडीची किल्ली दादाच्या हाती देई आणि विचारी, “आवाज कानसेनच लावणार ना?” दादाला ते बोचे. पण खरे दुखणे निराळेच होते. दादाच्या लग्नात कानसेनने भेट म्हणून त्याच्या गाडीत अॅम्प्लिफायर बसवून दिला. दादा बोलला, की गाणे दबायला क्षणभर उशीर होई. वहिनीने ओठ उघडले, की पहिल्याच अक्षराला गाणे दबे. यंत्रसुद्धा वहिनीला घाबरते, असे मी म्हटले. सारे हसले. दादा हसला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने कानसेनला विचारले, “माझ्या बायकोचा आवाज तुला इतका नेमका कसा ठाऊक?”

“वहिनी हळू बोलतात रे,” कानसेन म्हणाला. “तुला ऐकू जात नाही. म्हणून तसा लावलाय.”

एवढेच. परंतु दादाच्या मनात ते रुतले. भागीदारी मोडली. दादाने आपल्या गाडीच्या छताचे अस्तर उचकटले आणि मायक्रोफोनची वायर स्वतःच्या पकडीने कापली, अस्तर पुन्हा बसवून टाकले. पुढे मार्चमध्ये कानसेन आजारपणात गेला. वहिनीने शेवटचे दर्शन घेऊन येते म्हटले, तेव्हा दादाने विचारले, “तू त्याची कोण?” वहिनीने बॅग भरली आणि माहेर गाठले.

आठ महिन्यांनी, त्या गुरुवारी, तिचाच फोन आला. “न्यायचं असेल तर आज या. पण पुन्हा त्याचं नाव काढलंत, तर मी परत येणार नाही.” दादाने कबूल केले. त्याला ती खरोखरच हवी होती.

जाताना गाडीने ऐंशीचा वेग घेतला आणि गाणे नेहमीप्रमाणे घरघरीत बुडाले. दादाने हाताने आवाज वाढवला. कापलेल्या कानाला काय ऐकू येणार?

रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी दोघे परत निघाले. वहिनी शेजारी बसली होती. रस्ता सरळ होता, मोकळा होता. वेग वाढला.

गाणे चढले. आपण होऊन.

दादाने हात पुढे केला आणि मागे घेतला. खालचे सूर भरून आले होते... अगदी कानसेनने लावल्यासारखे.

मग गाणे दबले.

त्याने वहिनीकडे पाहिले. ओठ मिटलेले. नजर खिडकीबाहेर.

गाणे वर आले. थोडे तसेच राहिले... पुन्हा दबले. या वेळी जास्त वेळ. कोणी काही सांगत असावे, तसे. मग वर. मग खाली...

गाडीत कोणी बोलत नव्हते.

दादाने वेग वाढवला. शंभर. गाणे चढायला हवे होते. ते आणखी दबले. आणि वहिनीने मान हलवली. हळूच. होकारासारखी.

दादा घाबरला होता. पण त्याने मला सांगितले, की त्या क्षणी भीतीपेक्षा जुना जळफळाट मोठा ठरला.

“काय म्हणतोय कानसेन तुला?”

गाणे दबलेलेच.

“मी हळू बोलते,” वहिनी म्हणाली. “तुम्हाला ऐकू जात नाही. त्याला एवढंच कळलं होतं.”

कानसेनचे ते वाक्य दादाने तिला कधीही सांगितलेले नव्हते.

“गाडी वळवा,” ती म्हणाली.

दादाने गाडी वळवली. माहेरच्या दारात ती उतरली. मागे न बघता आत गेली. दादा एकटा घरी आला. शेजारची जागा रिकामी... आणि गाणे सगळ्या वाटेवर दबत होते, चढत होते, दबत होते. पहिल्याच अक्षराला, वहिनी बोलताना दबे तसे.

त्याने स्टिरिओ बंद केला नाही. का, ते मी विचारले. तो म्हणाला, “ती दोघं काय बोलत होती, ते ऐकायचं होतं.”

सकाळी त्याने मला बोलावून घेतले. मी गेलो, तेव्हा अस्तर तसेच पक्के बसलेले होते. त्याने ते माझ्यासमोर उचकटले.

वायर जोडलेली होती. जोडावर टेप नव्हता. पांढरा दोरा... तीन वेढे... आणि गाठीचे टोक ओले.